मोटार आपली, स्टार्टर कंपनीकडे!



या पानावर एरवी तुम्ही कीड-रोग, खत-पाणी आणि अनुदानाच्या मुदती वाचता. आज विषय जरा वेगळा आहे. टीव्हीला जोडून, संगणकावर किंवा मोबाईलवर खेळायच्या मोटार-शर्यतींच्या गेमबद्दल लिहायचे आहे. ‘शेतकी साहेबाला दुसरा उद्योग नाही काय?’ असे काहींना वाटेल. वाटू द्या. मी शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे, दिवसभर बांधावर फिरतो आणि रात्री जेवण झाल्यावर तासभर शर्यत खेळतो. कोणी पत्ते कुटतो, कोणी भजनाला जातो, तसेच हे. पण या खेळात गेल्या काही वर्षांत एक प्रकरण असे घडले, की त्याची गोष्ट बियाणे आणि ट्रॅक्टर विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी.

आधी एक गैरसमज दूर करतो. गावात ‘गेम’ म्हटले की पारावरची मंडळी कपाळाला आठ्या घालतात. त्यांचेही चुकत नाही. मोबाईलवरच्या रमीत आणि पैजेत कोणाची कांद्याची पट्टी गेली, कोणाचे दुधाचे बिल गेले, हे गावोगाव ऐकायला मिळाले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली, ती याच कारणाने. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना, म्हणजे कौशल्याच्या संगणकीय स्पर्धांना, मान्यता दिली. शर्यतीचा गेम या दुसऱ्या जातीचा. त्यात पैज नसते, हातचलाखी नसते, असते ती फक्त वेळ. तेव्हा पोरगा स्क्रीनवर गाडी पळवताना दिसला तर लगेच अंगावर धावून जाऊ नका. काय खेळतोस, एवढे आधी विचारा. (अभ्यास सोडून खेळत असेल तर मात्र तुमचे तुम्ही बघा!)

या खेळात गोडी कशाची, ते सांगतो. ‘रोड रॅश’ नावाचा मोटारसायकलचा गेम १९९१ साली आला. पुढे तो संगणकावर आला आणि आज तिशी-चाळिशीत असलेल्या कितीतरी जणांनी तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंगच्या नावाखाली तोच खेळला. त्यात शेजारच्या गाडीवाल्याला लाथ मारून पाडायचे, एवढीच विद्या. खरी विद्या आली १९९७ साली, ‘ग्रॅन टुरिस्मो’ या जपानी गेमबरोबर. त्याचा कर्ता काझुनोरी यामाउची. त्याने गाडीचे वजन, चाकाची पकड, ब्रेकचा झोल या सगळ्याचे गणित घातले. तिथे नुसता ॲक्सिलरेटर दाबून पहिला नंबर येत नाही. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. कारण चाकाची पकड मापातलीच असते; ती थांबण्यात खर्च केली की वळायला उरत नाही. वळणात बाहेरच्या अंगाने शिरायचे, आतला कोपरा चाटायचा आणि पुन्हा बाहेर सुटायचे. उसाच्या दोन ट्रॉल्या लावून घाट उतरणाऱ्या ड्रायव्हरला हे शिकवावे लागत नाही, पण बाकी आपल्याला लागते.

ही विद्या खोटी नाही, याला पुरावा आहे. याच गेममधल्या वेगवान खेळाडूंतून खरे शर्यतपटू निवडण्याची स्पर्धा २००८ पासून काही वर्षे चालली. २०११ साली ती जिंकणारा जान मार्डनबरो हा ब्रिटिश पोरगा २०१३ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. त्याच्यावर २०२३ साली सिनेमाही निघाला.

आणि एक मजा आहे. शर्यतीच्या बऱ्याच गेममध्ये दुसरा गडी नसला तरी चालते. आपण आधी केलेली सगळ्यात जलद फेरी यंत्राने टिपून ठेवलेली असते. पुन्हा खेळायला बसलो की तीच आपली जुनी फेरी अर्धपारदर्शक सावलीच्या रूपाने आपल्यापुढे धावते. इंग्रजीत तिला घोस्ट, म्हणजे भूत म्हणतात. विदर्भातल्या शंकरपटात जोडी घड्याळावर सुटते ना, तसेच. फरक एवढाच की इथे गेल्या हंगामातली आपलीच जोडी पुढे पळताना दिसते. गेल्या वर्षीचा आपला उतारा यंदा मोडायचा, ही शेतकऱ्याची जुनी खोड. म्हणून मला वाटते, हा खेळ आपल्याला परका नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो.

फ्रान्सच्या यूबीसॉफ्ट कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ‘द क्रू’ नावाचा शर्यतीचा गेम बाजारात आणला. त्यात सगळी अमेरिका छोट्या मापात उभी केली होती. डेट्रॉइट, शिकागो, न्यूयॉर्क, मायामी, पलीकडे लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को. या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत गाडी न थांबवता गेले तर पाऊण तासाच्या आसपास लागायचा. कितीतरी लोक शर्यत न करता नुसतेच फिरायचे. पूर्ण पैसे मोजून, डिस्क घेऊन लोकांनी तो घरी नेला. मात्र एक अट होती. एकट्याने खेळायचे असले तरी इंटरनेट चालू पाहिजे आणि पलीकडे कंपनीचा सर्व्हर जागा पाहिजे.

सर्व्हर म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. विहीर तुमची, मोटार तुमची, पाइपलाइनही तुमची. पण स्टार्टर मात्र शंभर कोसांवरच्या एका कचेरीत. तिथला बाबू रोज बटण दाबतो, म्हणून तुमच्याकडे पाणी पडते. नऊ वर्षे त्याने बटण दाबले. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने गेमची विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ रोजी स्टार्टर कायमचा बंद केला. कारण दिले सर्व्हरच्या अडचणीचे आणि परवान्यांच्या मुदतीचे. त्या दिवशी जगभरच्या घरांतल्या डिस्का निव्वळ चकत्या झाल्या. अमेरिका गेली, गाड्या गेल्या, नऊ वर्षांच्या नोंदीही गेल्या. त्यानंतर काही दिवसांतच अनेकांच्या खात्यावरचा गेमचा परवानाही काढून घेतला गेला.

माझ्या ओळखीच्या एका तरुण शेतकऱ्याने सेकंडहँड गेमयंत्र घेतले, त्याच्याबरोबर काही डिस्का आल्या. त्यांत ही एक. त्याला मी प्रकार सांगितला तर त्याला खरेच वाटेना. ‘साहेब, डिस्क माझ्या हातात आहे की!’ त्याचे आबा बाजेवर बसून ऐकत होते. त्यांनी एकच विचारले, ‘पावती हाय ना? मग?’

आबांचा हा ‘मग?’ पुढे कॅलिफोर्नियाच्या न्यायालयापर्यंत गेला आहे बरे. तिथे २०२४ च्या नोव्हेंबरात दोन खेळाडूंनी कंपनीवर दावा लावला. कंपनीचे म्हणणे असे, की ग्राहकांनी गेमची मालकी घेतलीच नव्हती, मर्यादित वापराचा परवाना तेवढा घेतला होता. म्हणजे दुकानावर पाटी ‘विक्री’ची आणि आतल्या कागदावर ‘भाडेपट्टा’! त्याच राज्याने २०२४ साली कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. नुसता परवाना देत असाल तर ‘विकत घ्या’ असे मोघम लिहायचे नाही, परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचे, असे तो म्हणतो. कायमची उतरवून घेऊन नेटशिवाय चालवता येणारी वस्तू असेल तर त्याला ही अट नाही. कायदा चांगला आहे, पण तो फक्त पाटी बदलायला लावतो, बंद पडलेली वस्तू चालू करून देत नाही.

आम्ही शेती खात्यातली माणसे हा प्रश्न रोजच बघतो. सरळ वाणाचे सोयाबीन तुम्ही एकदा आणले की पुढची दोन-तीन वर्षे घरचेच बी चाळून, निवडून पेरता येते. म्हणून तर दर उन्हाळ्यात आम्ही गावोगाव ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण तपासायला सांगतो. सत्तर उगवले तर पेरा. याउलट संकरित कापसाचे बी दर वर्षी नवे घ्यावे लागते, कारण घरच्या बियात पुढच्या पिढीला ते गुण एकसारखे उतरत नाहीत. पण हे घेताना तुम्हाला ठाऊक असते आणि तो निसर्गाचा नियम असतो. कोणी कचेरीत बसून तुमच्या शेतातली उभी पराटी सुकवत नाही. शिवाय आपल्या देशात २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. नोंदणी झालेल्या वाणाचेही बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा आणि विकायचासुद्धा हक्क तो शेतकऱ्याला देतो. फक्त कंपनीच्या ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. गेम घेणाऱ्याला असा कायदा नाही. आबांच्या ‘मग?’ला आज उत्तर नाही ते यामुळे.

कोणी म्हणेल, अहो पोरांचा खेळ तो, बंद पडला तर पडला. तर हेच ट्रॅक्टरचेही झाले आहे. अमेरिकेत नव्या ट्रॅक्टरमध्ये इतका संगणक भरला आहे, की एक सेन्सर बिघडला तर गावच्या मेकॅनिकला त्याला हात लावता येत नाही; कंपनीचे सॉफ्टवेअर घेऊन डीलरचाच माणूस यावा लागतो. तोवर पीक शेतात उभे. २०१५ साली जॉन डिअर कंपनीने तिथल्या कॉपीराइट कचेरीपुढे बाजू मांडताना म्हटले होते, की ट्रॅक्टर घेणाऱ्याला आतले सॉफ्टवेअर वापरायचा परवाना मिळतो, त्याची मालकी नाही. शेतकऱ्यांनी बरीच वर्षे ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून ओरड केली आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या कंपनीवर दावा लावला. गेम आणि ट्रॅक्टर, दोन्हीकडे वाद एकच आहे.

हे सगळे मला कळले कुठून? पॉडकास्टवरून. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पॉडकास्ट म्हणजे रेडिओसारखाच बोलण्याचा कार्यक्रम, पण ठराविक वेळेला न लागता फाइलच्या रूपाने मोबाईलमध्ये उतरवून घ्यायचा. आकाशवाणीवरचा शेतीचा कार्यक्रम चुकला की चुकला. हा चुकत नाही. बाजारगावात रेंज आहे तिथे उतरवून घ्यावा आणि रानात रेंज नसलेल्या ठिकाणी ऐकावा. रात्रपाळीची लाइट असली की दारे धरताना सरी भरेपर्यंत माणूस काय करणार? कानात एक बोळा घालून ऐकतो. (एकच. दुसरा कान मोकळा ठेवा, रानात जनावर असते. आणि गाडी चालवताना दोन्ही कान मोकळे ठेवा.)

गेमवरचे पॉडकास्ट बहुतेक अमेरिकेतले नि इंग्लंडातले. दोन-दोन, तीन-तीन तास चालतात. खरे सांगायचे तर त्यातले निम्मे बोलणे पारावरच्या गप्पांसारखे. कोणी काय जेवले, कोणाचे मांजर आजारी, मध्येच गादीची जाहिरात. आमच्या खात्याच्या बैठकीत असे बोललो तर साहेब उठून जातील. इंग्रजीही झपाझप बोलतात, कान तयार व्हायला वेळ लागतो. तरी मी ते ऐकतो, कारण एक गोष्ट तिथेच मिळते. छापील परीक्षण येते ते गेम बाजारात आल्याच्या आठवड्यात. पुढे पाच-दहा वर्षांनी तो कसा राहिला, हे लिहायला कोणी परत येत नाही. आमच्या पीक प्रात्यक्षिकासारखेच झाले ते! पेरणीला फोटो काढायला सगळे हजर, काढणीला उतारा मोजायला कोणी नाही. पॉडकास्टवाले मात्र जुन्या गेमकडे पुन्हा पुन्हा फिरून येतात. ‘रेट्रोनॉट्स’ नावाचा कार्यक्रम तर २००६ पासून जुन्याच गेमवर चालला आहे. अशा गप्पांमधूनच मला उमगले, की गाड्यांच्या खऱ्या कंपन्यांची नावे आणि गाणी गेममध्ये घालायला मुदतीचे परवाने लागतात. मुदत सरली की गेम दुकानातून उतरवावा लागतो. ‘फोर्झा होरायझन ४’ हा ब्रिटनच्या रस्त्यांवरचा सुंदर गेम डिसेंबर २०२४ मध्ये असाच विक्रीतून गेला. पण ज्यांनी आधी घेतला होता त्यांच्याकडे तो चालू राहिला. विकणे थांबवणे वेगळे आणि विकलेले बंद पाडणे वेगळे, हा फरक ध्यानात घ्या.

आता गंमत बघा. गेमबद्दलच्या या गप्पा मी पाच वर्षांपूर्वी उतरवल्या, त्या माझ्या मेमरी कार्डात आजही वाजतात. करणाऱ्याने कार्यक्रम बंद केला तरी माझी फाइल माझ्याकडेच. पॉडकास्टची मांडणीच तशी उघडी आहे. कोणत्याही ॲपने ऐका, कोणाची परवानगी लागत नाही. आणि पूर्ण पैसे देऊन घेतलेला गेम मात्र बंद. फुकटचे आपले झाले आणि विकतचे परके राहिले! अर्थात इकडेही कुंपणे पडू लागली आहेत. काही कार्यक्रम एकाच कंपनीच्या ॲपमध्ये कोंडले जातात, काही नुसते व्हिडिओ म्हणून येतात आणि नेटशिवाय हलत नाहीत. फाइल हातात मिळते आहे तोवर उतरवून ठेवावी.

‘द क्रू’च्या प्रकरणावर सगळ्यात मोठा आवाज उठवला तो रॉस स्कॉट नावाच्या अमेरिकी माणसाने. तो राहतो पोलंडमध्ये आणि त्याच्या व्हिडिओ वाहिनीचे नाव आहे ‘अकर्स्ड फार्म्स’, म्हणजे शापित शेते. शेतीशी त्याचा काही संबंध नाही, नाव मात्र नेमके पडले. २०२४ साली त्याने ‘गेम मारणे थांबवा’ अशी मोहीम सुरू केली. कंपनीने जन्मभर सर्व्हर चालवावा, असे तो म्हणत नाही. मागणी साधी आहे: बंद करायचे तेव्हा विकलेली वस्तू कशीतरी चालू राहील अशी सोय करून जा. युरोपात नागरिकांनी दहा लाख सह्या जमवल्या तर युरोपीय आयोगाला त्या विषयाची दखल घ्यावी लागते. जुलै २०२५ च्या अखेरीस मुदत संपली तेव्हा सह्यांचा आकडा १४ लाखांच्या वर गेला होता. गेम कंपन्यांच्या संघटनेचे उत्तर असे, की कित्येक गेम मुळातच ऑनलाइन रचलेले असतात, ते वेगळे करून देणे खर्चाचे आहे आणि खासगी सर्व्हरवर काय चालेल याची जबाबदारी आमच्यावर येईल. यात अगदीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. हजारो माणसे एकाच वेळी खेळतात असा गेम एका डिस्केत बसवणे सोपे नसते.

पण करायचे म्हटले तर होते. ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’ हा २०१७ चा गेमही जवळजवळ सगळा सर्व्हरवर टेकलेला होता. त्याचा सर्व्हर ३१ जानेवारी २०२४ ला, म्हणजे ‘द क्रू’च्या दोनच महिने आधी बंद झाला. पण त्याआधी जपानी कंपनीने एक सुधारणा पाठवून एकट्याने खेळायचा भाग आणि खेळाच्या नोंदी नेटशिवाय चालतील असे करून दिले. ऑनलाइन शर्यती गेल्या, बाकी गेम राहिला. जाताना दावे सोडून, दारा-खिडक्यांना कड्या लावून जाणारा गडी आणि गोठा उघडा टाकून जाणारा गडी, यातला फरक तुम्हाला मी काय सांगावा! गवगवा झाल्यावर यूबीसॉफ्टनेही सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले, की पुढच्या दोन ‘क्रू’ गेमना नेटशिवाय खेळायची सोय देऊ. पहिल्याला मात्र कंपनीने हात लावला नाही. तो काही हौशी लोकांनी वर्षानुवर्षे खपून, स्वतःचा सर्व्हर लिहून सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा चालू केला. तो फक्त संगणकावर चालतो आणि गेमची मूळ प्रत आपली आपण आणावी लागते. टीव्हीला जोडायच्या यंत्राची डिस्क ज्याच्याकडे आहे, त्याच्या हाती अजून चकतीच.

तेव्हा दिवाळीला पोराने शर्यतीचा गेम मागितला, तर दुकानदाराला किमतीच्या आधी एक गोष्ट विचारा: नेट नसताना चालतो का? फुकट मिळणाऱ्या मोबाईल गेममध्ये तर जास्त जपा. तिथे गेम फुकट, पण गाड्या आणि नाणी विकत. आणि गेम बंद झाला की ती नाणीही बुडाली. घरात आधीचे गेम असतील तर त्यांचीही सोयाबीनसारखी चाचणी घेता येते. मोबाईल विमान मोडवर टाका, संगणकाची किंवा टीव्हीवरच्या यंत्राची नेटची जोडणी काढा आणि गेम सुरू करून एक शर्यत पुरी खेळा. जेवढे चालले, तेवढे तुमचे.

त्या तरुणाने घरातल्या सात डिस्का अशा तपासल्या. पाच उगवल्या. एक तर आधीच गेलेली ‘द क्रू’ची, आणि दुसरी नेट जोडले की चालते, काढले की थांबते. ती त्याने वेगळी ठेवली आहे. चालू आहे तोवर रोज रात्री तीच आधी खेळून घेतो म्हणतो.